वापरलेली फुल फ्रेम डीएसएलआर पारखताना आधी फोकस, मग सेन्सर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सध्या निकॉन डी५६०० ही क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आहे, सोबत १८-५५, ३५ मिमी एफ/१.८ आणि एक ७०-३०० झूम. माणसांचे फोटो, घरगुती समारंभ, निसर्गदृश्ये आणि अधूनमधून पक्षी असा छंद. आता वापरलेली फुल फ्रेम डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्यायची आहे. डी७५०, डी८१० आणि कॅनन ६डी मार्क टू ही नावे नजरेसमोर आहेत, पण चाचण्यांचे गुण आणि तक्ते वाचून गोंधळ उडाला आहे. हातात आलेली बॉडी नेमकी पारखायची कशी?

तक्ते वाचून गोंधळ होणारच. त्यांतले बहुतेक आकडे सेन्सरचे असतात आणि फुल फ्रेम डीएसएलआरमध्ये घोडे पेंड खाते ते फोकसमध्ये. २०१२ नंतरचा कोणताही फुल फ्रेम सेन्सर छंदाला पुरून उरतो. पण उघड्या अ‍ॅपर्चरला (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राला) डोळ्याच्या पापणीवर फोकस बसतो की भुवईवर, हे कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेले नसते. ते त्या एका बॉडीचे आणि त्या एका लेन्सचे आपापसातले असते.

आधी मोठ्या सेन्सरने मिळते किती ते पाहू. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. निकॉनचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ २.३६ पट, म्हणजे सव्वा स्टॉपच्या आसपास जास्त प्रकाश (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). कॅननचा क्रॉप सेन्सर थोडा लहान असल्याने तिथे हा फरक किंचित वाढतो. पण हा सव्वा स्टॉप मिळतो तो दोन्हीकडे तेच अ‍ॅपर्चर ठेवले तर. क्रॉपवरचा १७-५० एफ/२.८ झूम फुल फ्रेमच्या भाषेत साधारण २५-७५ एफ/४.२ होतो. तो विकून फुल फ्रेमवर २४-१२० एफ/४ लावला, तर पार्श्वभूमीचा धूसरपणा आणि अंधारातला नॉइज (चित्रातला खरखरीतपणा) जवळपास होता तिथेच राहतो, झूमचा पल्ला तेवढा वाढतो. म्हणून बॉडीच्या आधी लेन्सची यादी करा. तुमच्याकडचा ३५ मिमी एफ/१.८ जर डीएक्स, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीचा, असेल तर तो निकॉनच्या फुल फ्रेम बॉडीवर बसतो, पण बॉडी आपोआप क्रॉप करते आणि २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम १० हातात उरतात. कॅननचे क्रॉपसाठीचे ईएफ-एस लेन्स तर फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाहीत, आणि ते जबरदस्तीने बसवूही नयेत, कारण मोठा आरसा लेन्सच्या मागच्या भागावर आपटू शकतो.

आता मुख्य गोष्ट. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना सेन्सर काहीच पाहत नसतो. मुख्य आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर जातो, तिथून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस मॉड्यूलवर पडतो. लेन्सच्या माउंटपासून (बॉडीवर लेन्स बसते त्या कड्यापासून) या मॉड्यूलपर्यंतचे प्रकाशाचे अंतर आणि माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर तंतोतंत जुळले पाहिजे. एफ/१.४ ला सेन्सरपाशी चालून जाणारी चूक नेहमीच्या हिशेबाने ०.०४ मिमी असते. शंभर टक्के झूम करून पापण्या मोजणाऱ्या माणसाला ०.०१ मिमीची चूकही दिसते. आरशाचे बिजागर झिजले, कॅमेरा एकदा पडला, लेन्स स्वतःच थोडी इकडेतिकडे असली, की एवढी चूक सहज होते. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) फोकस सेन्सरवरच होत असल्याने हा प्रकार बहुतांशी नाहीसा झाला. डीएसएलआर घेताना मात्र तो तपासल्याशिवाय गत्यंतर नाही.

चाचणीला साहित्य फार लागत नाही. ट्रायपॉड, छापील मजकुराचा सपाट चिकटवलेला कागद आणि त्याच्या शेजारी ४५ अंशात तिरकी ठेवलेली पट्टी. पट्टीवरचा शून्य आणि कागद एकाच प्रतलात असू द्या. अंतर फोकल लेंथच्या ४० पट घ्या, म्हणजे ५० मिमीला २ मीटर आणि ८५ मिमीला साधारण ३.५ मीटर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, लेन्समधली स्थिरीकरणाची कळ बंद, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. प्रकाश शक्यतो दिवसाचा घ्या. पिवळ्या दिव्याखाली काही बॉडींचा फोकस थोडा सरकतो आणि मग नसलेला दोष दिसू लागतो.

आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) चित्र मोठे करून फोकस करा आणि एक फोटो घ्या. हा तुमचा मापदंड, कारण इथे सेन्सर स्वतः पाहतो. मग व्ह्यूफाइंडरमधून, मधला बिंदू आणि सिंगल फोकस ठेवून दहा फोटो. दर फोटोआधी लेन्सची रिंग हाताने फिरवून फोकस मुद्दाम बिघडवायचा, पाच वेळा अनंताकडून आणि पाच वेळा जवळून. रिंग न हलवता दहा वेळा बटण दाबले तर कॅमेरा ‘जमलेले आहे’ म्हणून जागचा हलत नाही आणि निकाल फसवा मिळतो.

निकाल तीन प्रकारचे येतात. दहाही फोटो एकाच दिशेला सारखेच चुकलेले असतील तर घाबरू नका, मेनूतल्या फाइन ट्यूनने ते सुटते. निकॉन आणि कॅनन दोन्हीकडे उणे वीस ते अधिक वीस अशी पट्टी असते. फोकस मागे पडत असेल तर उणे आकडा, पुढे पडत असेल तर अधिक. पाच-पाचच्या टप्प्याने जा आणि शेवटी एक-दोन अंकांनी नेमके करा. दुसरा प्रकार म्हणजे दहा फोटो दहा ठिकाणी. यावर कुठलाही आकडा चालत नाही. दुसरी लेन्स लावून पाहा. तरीही तेच दिसले तर ती बॉडी परत ठेवा. तिसरा प्रकार फसवा असतो, कारण मधला बिंदू अचूक असतो आणि डावीकडचे किंवा उजवीकडचे बिंदू चुकलेले असतात. निकॉन डी८०० च्या सुरुवातीच्या काही बॉडींमध्ये डाव्या बिंदूंची हीच तक्रार गाजली होती. फाइन ट्यून सगळ्या बिंदूंना सारखेच सरकवते, त्यामुळे हा दोष फक्त सेवा केंद्रातच निघतो. म्हणून मधला बिंदू झाला की टोकाचे डावे-उजवे बिंदूही तीन-तीन फोटोंनी तपासाच. बहुतेक लोक इथेच कंटाळतात.

आणखी दोन बारकावे. झूम लेन्स रुंद टोकाला एक आणि लांब टोकाला दुसरी चूक करू शकते. कॅनन ५डी मार्क थ्रीपासून पुढच्या बऱ्याच बॉडींमध्ये दोन्ही टोकांना वेगळे आकडे देता येतात. डी७५० आणि डी८१० मध्ये एका लेन्सला एकच आकडा मिळतो, त्यामुळे ज्या टोकाला जास्त वापर त्या टोकाला जुळवायचे. कॅननच्या २००५ च्या मूळ ५डी मध्ये फाइन ट्यूनची सोयच नाही. तुमच्या डी५६०० मध्येही ती नाही, म्हणून आजवर हा विषय तुमच्यासमोर आलाच नसेल.

फोकस बिंदूंची संख्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, पण ते चौकटीत कुठवर पसरलेत ते कोणी सांगत नाही. डी७५० चे ५१ बिंदू किंवा ६डी मार्क टूचे ४५ बिंदू मध्यभागी दाटीवाटीने बसलेले आहेत. क्रॉप बॉडीवर कडेपर्यंत जाणाऱ्या बिंदूंची सवय असेल तर हे पहिल्याच दिवशी बोचते. मग माणूस मधल्या बिंदूने फोकस धरून चौकट फिरवतो आणि चेहरा मऊ येतो. याचे गणित सोपे आहे. ५० मिमी एफ/१.४, माणूस १ मीटरवर. फोकस धरून कॅमेरा १२ अंश फिरवला तर फोकसचे प्रतल डोळ्याच्या सुमारे २.२ सेमी मागे जाते. या अंतराला स्पष्टतेची खोली पुढे-मागे प्रत्येकी साधारण १.६ सेमीच असते. म्हणजे लेन्सही बरी, बॉडीही बरी, तरी फोटो चुकला. उपाय एकच, विषयाच्या सर्वांत जवळचा बिंदू निवडायचा आणि कमीत कमी फिरवायचे. विकत घेण्याआधी चौकट उभी धरून, चेहरा वरच्या तिसऱ्या भागात ठेवून पाहा, एखादा बिंदू डोळ्यापर्यंत पोहोचतो का. अंधारातल्या समारंभासाठी बिंदू किती, यापेक्षा ते किती कमी प्रकाशात चालतात हे महत्त्वाचे. डी७५० आणि ६डी मार्क टू, दोन्हींची मर्यादा उणे ३ ईव्ही (प्रकाशाचे माप, आकडा जितका खाली तितका अंधार जास्त) आहे. मात्र ६डी मार्क टूमध्ये, जुन्या ६डी सारखीच, ही क्षमता मधल्या बिंदूची आहे.

सेन्सरकडे येऊ. इथे दोनच चाचण्या पुरेत आणि दोन्ही रॉ फाइलवर (सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर) करायच्या. जेपेगमध्ये कॅमेरा आपल्या मनाने नॉइज घासून टाकतो, मग तुलना सेन्सरची न होता घासणीची होते. पहिली चाचणी सावल्यांची. ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोडमध्ये, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला योग्य एक्सपोजर येईल असे अ‍ॅपर्चर आणि शटर लावा आणि फोटो घ्या. मग फक्त आयएसओ १०० करा, बाकी काही हलवू नका. दुसरा फोटो जवळजवळ काळा येईल. संगणकावर तो पाच स्टॉपने उजळवा आणि पहिल्याशेजारी ठेवा. डी७५० मध्ये दोन्ही बरेचसे सारखे दिसतात. ६डी मार्क टूमध्ये उजळवलेल्या फोटोच्या सावल्या स्पष्टपणे खरखरीत येतात आणि कॅननच्या ५डी मार्क टू, मार्क थ्रीच्या काळातल्या सेन्सरवर तर आडव्या-उभ्या रेघाही उमटतात. निसर्गदृश्यात आकाश वाचवून जमीन उजळवणाऱ्याला हा फरक मोठा आहे. समारंभात आयएसओ ३२०० वर काम करणाऱ्याला तो जवळपास कळतही नाही, कारण वरच्या आयएसओवर या सगळ्या बॉडी एकमेकींच्या खूप जवळ येतात. म्हणून ‘कोणता सेन्सर चांगला’ या प्रश्नाला तुम्ही कोणता आयएसओ वापरता हे कळल्याशिवाय उत्तर नाही.

दुसरी चाचणी वरच्या आयएसओची. वेगवेगळ्या मेगापिक्सेलच्या बॉडी शंभर टक्क्यांवर शेजारी ठेवून पाहणे ही सर्रास होणारी चूक. ३६ मेगापिक्सेलचा पिक्सेल लहान, त्यामुळे त्यात नॉइज जास्त दिसणारच. दोन्ही फोटो एकाच मापाला आणा, लांब बाजू ४००० पिक्सेल म्हणा, आणि मग बघा. डी८१० आणि डी७५० मधले अंतर बरेच मिटते.

मेगापिक्सेलबद्दल एवढेच, की आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? डी८१० च्या ३६.३ मेगापिक्सेलला साधी झूम लावली तर कोपऱ्यांत २४ मेगापिक्सेलइतकाच तपशील मिळतो आणि फाइल तेवढी मोठी होते. शिवाय जास्त पिक्सेल म्हणजे हाताची थरथर आणि आरशाचा धक्काही जास्त दिसतो. धक्क्याची घातक पट्टी साधारण १/८ ते १/६० सेकंद, त्यातही लांब लेन्सवर. डी८१० मध्ये आरसा वर करून इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा (यांत्रिक हालचालीविना सुरू होणारे शटर) वापरता येतो, त्याने ट्रायपॉडवरचे चित्र लख्ख येते. निसर्गदृश्यांसाठी डी८१० चा आयएसओ ६४ हाही खरा फायदा आहे.

शटरच्या १/४००० आणि १/८००० या फरकाला लोक नको तेवढे घाबरतात. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर साधारण १/१०० लागते. एफ/२.८ पर्यंत उघडले तर १/३२०० होते, म्हणजे १/४००० पुरते. एफ/१.४ ला मात्र १/१२८०० लागते, तिथे १/८००० सुद्धा अपुरे. दोन्ही प्रकारच्या बॉडींना एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लागणारच. त्यापेक्षा फ्लॅशचा सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर) बघा: डी७५० ला १/२००, डी८१० ला १/२५०, ६डी मार्क टूला १/१८०. उन्हात फ्लॅशने सावली भरणाऱ्याला हा फरक जाणवतो.

व्ह्यूफाइंडर मात्र डोळा लावूनच पाहा. तुम्ही क्रॉपच्या आरशांच्या व्ह्यूफाइंडरमधून येत आहात, त्यामुळे बोगद्यातून अंगणात आल्यासारखे वाटेल. डी७५० आणि डी८१० शंभर टक्के चौकट दाखवतात, ६डी मार्क टू ९८ टक्के. चष्मा असेल तर चष्मा लावून चारही कोपरे एकदम दिसतात का ते तपासा. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी स्पष्टतेची खोली खरी मानू नका. व्ह्यूफाइंडरमधल्या आजच्या स्क्रीन उजळपणासाठी बनवलेल्या आहेत, एफ/१.४ ची लेन्स लावली तरी त्या साधारण एफ/२.८ सारखीच खोली दाखवतात. हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सवर म्हणूनच फसगत होते.

वापरलेल्या बॉडीची झाडाझडती वेगळी. निकॉनच्या प्रत्येक फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) शटरची गणती, म्हणजे ते किती वेळा उघडले ते, असते. एक ताजा फोटो घेऊन संगणकावर उघडला की आकडा मिळतो. कॅननच्या बहुतेक बॉडी तो फाइलमध्ये लिहीत नाहीत, त्यासाठी केबल लावून खास सॉफ्टवेअर किंवा सेवा केंद्र लागते. डी७५० चे शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेले आहे. ती हमी नव्हे, अंदाज आहे. कमी गणतीची पण दमट कपाटात वर्षे काढलेली बॉडी मी नाकारीन, दीड लाखाच्या जवळची पण नीट ठेवलेली घेईन. बुरशी, तेल आणि चिकट झालेले रबर गणतीत दिसत नाही.

शटर तपासायला एकसारख्या उजळलेल्या भिंतीचे फोटो सर्वांत वेगवान शटरवर, १/१००० वर आणि १/६० वर घ्या. एका बाजूला गडद पट्टा दिसला तर पडदे सारखे धावत नाहीत. डी७५० च्या काही उत्पादन मालिकांत शटरमुळे चित्राच्या एका भागावर छाया येत असे. निकॉनने २०१५ मध्ये त्याबद्दल जाहीर सूचना काढून मोफत दुरुस्ती देऊ केली होती, त्यामुळे अनुक्रमांक त्या यादीशी ताडून पाहा. सेन्सरवरच्या डागांसाठी एफ/२२, कमी आयएसओ, फोकस बिघडवून मोकळ्या आकाशाचा फोटो. धुळीचे ठिपके चालतात, ते पंपाच्या हवेने किंवा २४ मिमी रुंद स्वॅबने जातात. साफ करून शे-दोनशे फोटोंनंतर पुन्हा तेच गोल, कडा पुसट असलेले डाग आले, तर ते शटरमधून उडणारे तेल. २०१२ च्या डी६०० ला याच कारणाने बट्टा लागला, साधारण वर्षभराने डी६१० आली आणि पुढे निकॉनने डी६०० ची शटर मोफत बदलून दिली. डी६०० समोर आली तर शटर बदलल्याची पावती मागा. हॉट पिक्सेलसाठी (अंधारातही उजळणाऱ्या बिंदूंसाठी) झाकण लावून, नॉइज रिडक्शन बंद करून ३० सेकंदांचा एक फोटो. मूठभर रंगीत ठिपके असणे नेहमीचे, रांगच्या रांग असेल तर नको.

माउंटवरचे स्क्रू आणि ट्रायपॉडची चकती पाहा, स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी बॉडी उघडलेली आहे. दोन कार्ड स्लॉट असतील तर दोन्हींमध्ये कार्ड घालून एकाच वेळी दोन्हीकडे लिहून बघा. डी८१० मध्ये एक सीएफ आणि एक एसडी आहे. सीएफ स्लॉटमधली एखादी पिन वाकलेली नाही ना, हे टॉर्चने पाहायचे. दोन्ही कार्डांवर रॉ लिहिताना वेग हळू कार्डाचाच मिळतो, म्हणून सलग फोटोंची चाचणी करताना जलद कार्ड सोबत न्या, नाहीतर दोष बॉडीच्या माथी जाईल.

कॅनन-निकॉनने २०२० नंतर नवी फुल फ्रेम डीएसएलआर काढलेली नाही, त्यामुळे लेन्स घेताना पुढचाही विचार करा. कॅननचे ईएफ लेन्स अडॅप्टरने मिररलेस आर मालिकेवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. निकॉनचे स्वतःची मोटर असलेले एएफ-एस लेन्स निकॉनच्या मिररलेससाठीच्या एफटीझेड अडॅप्टरवर तसेच चालतात. पण बॉडीतल्या स्क्रूने फिरणारे जुने एएफ-डी लेन्स डी७५० वर मजेत फोकस करतात आणि त्या अडॅप्टरवर फक्त हाताने.

तुमच्या यादीपुरते सांगायचे तर माणसे आणि समारंभ जास्त असतील तर डी७५०, आणि बॉडीसोबत पहिली लेन्स ८५ मिमी एफ/१.८. निसर्गदृश्ये जास्त असतील आणि ट्रायपॉड खरोखर सोबत जात असेल तर डी८१०. ६डी मार्क टू लाइव्ह व्ह्यूमधल्या चपळ फोकससाठी आणि पूर्ण फिरणाऱ्या पडद्यासाठी छान आहे, पण त्यासाठी माउंट बदलावा एवढे त्यात काही नाही. आणि डी५६०० विकू नका. पक्षी दूर असतो तेव्हा ७०-३०० त्या बॉडीवर पक्ष्याच्या चौकटीवर २४ मेगापिक्सेल देतो. तीच चौकट डी७५० वर कापून काढली तर १० उरतात, डी८१० वर साधारण १५.